गणितातली यादृच्छिकता आणि ज्ञानाची सीमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन अधिक दोन चारच होतात, तेव्हा गणितात योगायोगाला जागा नाही, अशी आपली पक्की समजूत असते. विसाव्या शतकात ही समजूत मोडली आणि ती गणितानेच मोडली. पूर्णांकांच्या साध्या बेरीज-गुणाकाराच्या पोटात नाणेफेकीइतकी बेशिस्त सत्ये आहेत, हे रीतसर सिद्ध झालेले आहे. या विषयाबद्दल विद्यार्थी, शिक्षक आणि प्रोग्रॅमर मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरे चांगलीच लांबली आहेत. विषयाचा गाभा तिथे असल्याने ती आखडती घेतलेली नाहीत.

यादृच्छिक म्हणजे काय? नाणे उडवून जे येईल ते, एवढेच ना?

व्यवहारात तेवढे पुरते, गणिताचे मात्र त्यावर भागत नाही. छापा आला तर १ आणि काटा आला तर ० लिहायचे ठरवले आणि या दोन ओळी समोर आल्या असे समजा:

०१०१०१०१०१०१०१०१०१०१
०११०१११००१०१११०११११०

नाणे वीस वेळा उडवल्यावर नेमकी पहिली ओळ येण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक. नेमकी दुसरी येण्याची शक्यताही तेवढीच, रतीभर कमी नाही की जास्त नाही. तरी पहिली ओळ दाखवून कुणी म्हणाले, 'ही मी नाणे उडवून काढली,' तर आपण विश्वास ठेवणार नाही. दुसरीवर मात्र सहज ठेवू.

म्हणजे आपल्या मनातली यादृच्छिकतेची कसोटी संभाव्यतेची नाही. संभाव्यतेच्या लेखी दोन्ही ओळी सारख्याच. आपण नकळत पाहतो ते हे, की ओळ थोडक्यात सांगता येते का.

ही 'थोडक्यात सांगण्याची' कसोटी गणितात कशी आणली?

१९६० च्या दशकात तिघांना ही एकच कल्पना स्वतंत्रपणे सुचली: अमेरिकेत रे सोलोमोनोफ, मॉस्कोत आंद्रेई कोल्मोगोरोव्ह आणि न्यू यॉर्कमध्ये ग्रेगरी चायटिन. चायटिन तेव्हा कॉलेजात शिकत होते. कोल्मोगोरोव्ह यांनी तर १९३३ मध्ये संभाव्यताशास्त्राला त्याची आजची गृहीतके, म्हणजे सिद्धतेविना मान्य धरायची मूळ विधाने, दिली होती. आपल्याच पायावर उभ्या राहिलेल्या शास्त्रात एकेका ओळीला यादृच्छिक म्हणायची सोय नाही हे ओळखून, तीस वर्षांनी त्यांनी ती उणीव भरून काढायला घेतली. याचे मला फार अप्रूप वाटते.

कल्पना अशी. ०-१ ची एखादी ओळ छापणारा सर्वांत आखूड प्रोग्रॅम किती बिटांचा आहे ते पाहायचे (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक). ती लांबी म्हणजे त्या ओळीची गुंतागुंत. '०१ एक कोटी वेळा छाप' हा आदेश एवढासा, पण त्यातून दोन कोटी अंक बाहेर पडतात, म्हणून ती ओळ साधी. उलट खऱ्या नाण्याने काढलेली दोन कोटी अंकांची ओळ छापायची तर प्रोग्रॅममध्ये ती जवळजवळ आख्खी लिहावी लागते. जिची गुंतागुंत तिच्या लांबीएवढीच आहे, जी दाबून लहान करता येत नाही, ती ओळ यादृच्छिक.

अनंत लांबीच्या ओळींसाठी स्वीडनच्या पेर मार्टिन-लॉफ यांनी १९६६ मध्ये वेगळ्या वाटेने व्याख्या केली: संगणकाला करता येईल अशी संख्याशास्त्राची प्रत्येक चाचणी पार करणारी ओळ यादृच्छिक. पुढे कळले की दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. व्याख्या योग्य जागी बसल्याची याहून चांगली खूण दुसरी नसेल.

प्रोग्रॅमची भाषा बदलली की लांबीही बदलेल. मग या मापाला काय अर्थ?

बदलेल, पण ठरावीक मर्यादेतच. एका भाषेतला प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत चालवायला एक दुभाषी प्रोग्रॅम लागतो आणि त्याची लांबी एकदाच ठरते. ओळ कितीही लांब असो, दोन भाषांतल्या मापांचा फरक त्या ठरलेल्या आकड्याच्या पुढे जात नाही. छोट्या ओळींसाठी हे माप डळमळते, मोठ्या ओळींसाठी भक्कम असते.

अशा दाबता न येणाऱ्या ओळी दुर्मिळच असतील ना?

उलट आहे. बहुतेक साऱ्या ओळी तशाच असतात आणि ते मोजून दाखवता येते.

१,००० बिटांच्या ओळी घ्या. त्यातली एखादी किमान १० बिटांनी लहान करायची तर तिच्यासाठी ९९० किंवा त्याहून कमी बिटांचा प्रोग्रॅम हवा. शून्यापासून ९९० बिटांपर्यंतचे सगळे प्रोग्रॅम मोजले तर ते २ च्या ९९१ व्या घाताहून कमी भरतात. ओळी मात्र २ चा १,००० वा घात इतक्या. एक प्रोग्रॅम फार तर एकच ओळ छापणार. म्हणजे ५१२ ओळींमागे एकीलासुद्धा दहा बिटांची सूट मिळत नाही. वीस बिटांनी लहान होणाऱ्या शोधू गेलात तर पाच लाखांत एकही भेटत नाही. नियमबद्ध ओळ हाच अपवाद आहे.

मग एखाद्या ओळीकडे बोट दाखवून 'ही यादृच्छिक आहे' हे सिद्ध करता येते का?

नाही. सगळ्या विषयाची मेख इथे आहे.

आधी वरच्या दुसऱ्या ओळीकडे परत या. ती नाणे उडवून आलेली नाही. शून्यापासून पुढचे आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहून, एकाला एक चिकटवून ती तयार केली आहे: ०, १, १०, ११, १००, १०१, ११०, १११ आणि पुढच्या १००० चे पहिले दोन अंक. गुपित कळेपर्यंत ती ओळ बेशिस्त दिसत होती. नियम आहे हे तो दाखवून सिद्ध करता येते. नियम नाहीच, हे कशावरून सांगणार? 'मला सापडला नाही' ही काही सिद्धता नव्हे.

हाताशी येणाऱ्या छोट्या ओळी वगळल्या तर हे कुणालाच जमणार नाही, असे चायटिन यांनी सिद्ध केले. त्यामागची युक्ती एका जुन्या कोड्यातून आली. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात काम करणाऱ्या बेरी नावाच्या गृहस्थांनी ते बर्ट्रंड रसेल यांना सुचवले होते. मराठीत ते असे मांडता येईल: 'शंभर अक्षरांत जिचे वर्णन करता येत नाही अशी सर्वांत लहान संख्या.' हे वर्णनच मुळी शंभर अक्षरांच्या आत बसले! म्हणजे त्या संख्येचे वर्णन करता येते आणि येतही नाही.

आता 'वर्णन' या सैल शब्दाच्या जागी 'प्रोग्रॅम' ठेवा. गणिताची तुमची जी काही गृहीतके असतील ती घ्या आणि एक प्रोग्रॅम लिहा: 'या गृहीतकांतून निघणाऱ्या सगळ्या सिद्धता एकामागून एक तयार कर. अमुक ओळीची गुंतागुंत १० लाख बिटांहून जास्त आहे, अशी सिद्धता मिळताच ती ओळ छाप आणि थांब.' या प्रोग्रॅममध्ये काय काय लागेल? गृहीतके, सिद्धता तपासण्याचे नियम आणि १० लाख हा आकडा, जो २० बिटांत मावतो. सगळे मिळून, समजा, एक लाख बिट झाले. अशी एक जरी सिद्धता अस्तित्वात असेल तर हा एक लाख बिटांचा प्रोग्रॅम ती ओळ छापून मोकळा होईल. पण त्या ओळीला तर १० लाखांहून लहान प्रोग्रॅम नाही, असे नुकतेच सिद्ध झाले होते! विसंगती आली. तेव्हा गृहीतके खोटे बोलत नसतील तर अशी सिद्धता एकाही ओळीसाठी मिळणार नाही.

दहा लाखांहून जास्त गुंतागुंतीच्या ओळी अगणित आहेत, हे पक्के माहीत आहे. त्यातली एकसुद्धा नाव घेऊन दाखवता येत नाही. या विषयातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी हे राहावे असे मला वाटते.

पायचे (π) अंक यादृच्छिक आहेत का? त्यात माझा मोबाइल नंबर सापडेल का?

वरच्या व्याख्येप्रमाणे पाय मुळीच यादृच्छिक नाही. एक वजा एक-तृतीयांश अधिक एक-पंचमांश वजा एक-सप्तमांश, अशी पुढे जाणारी मालिका पायचा चौथा भाग देते. केरळच्या माधवांनी ती चौदाव्या शतकाच्या सुमारास शोधल्याचे मानले जाते. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहा आणि हवे तेवढे अंक काढा.

पण अंक दिसतात मात्र पुरेपूर बेशिस्त. २०२२ मध्ये १०० लाख कोटी अंक काढून झाले होते. ० ते ९ हे सगळे अंक सारख्याच प्रमाणात येताना दिसतात. ७६२ व्या दशांश स्थानापासून सलग सहा नऊ येतात, ते पाहून लोक चमकतात. त्यातही काही दडलेले असल्याचा पुरावा नाही. दहा अंकी मोबाइल नंबर एवढ्या अंकांत नसणे जवळजवळ अशक्य.

आणि तरीही, अंकांची प्रत्येक जोडी, प्रत्येक तिकडी योग्य त्या प्रमाणात येत राहते हे पायबद्दल कुणालाही सिद्ध करता आलेले नाही. ७ हा अंक पायमध्ये अनंत वेळा येतो का, हेसुद्धा आज माहीत नाही. एमिल बोरेल यांनी १९०९ मध्ये दाखवले की जवळजवळ सगळ्या वास्तव संख्या अशा 'प्रमाणबद्ध' असतात. हाताशी असलेल्या पायबद्दल मात्र गणित गप्प आहे. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. शंभर लाख कोटी शिते तपासली तरी भात अनंत आहे.

म्हाडाच्या घरांची किंवा आरटीई प्रवेशाची सोडत संगणकावर निघते. ती खरी यादृच्छिक असते का?

एकेका सोडतीच्या आतल्या रचनेबद्दल न बोलता सर्वसाधारण गोष्ट सांगतो. संगणक आदेशाबरहुकूम चालतो. त्यातला नेहमीचा 'रँडम' आदेश एका सुरुवातीच्या आकड्यापासून सूत्राने पुढचे आकडे काढतो. सुरुवातीचा आकडा तोच दिला तर सगळी यादी तशीच्या तशी पुन्हा निघते. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नेहमी वापरला जाणारा मर्सेन ट्विस्टर हा सूत्राचा प्रकार चाचण्यांत उत्तम दिसतो, पण त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती लागले की पुढचे सगळे सांगता येतात. म्हणून पासवर्ड आणि बँकेच्या कामाला तो वापरत नाहीत. तिथे कळ दाबण्याच्या वेळा, यंत्रातला विद्युत-गोंगाट अशा बाहेरच्या गोष्टींतून आकडे घेतात.

सोडत न्याय्य व्हायला विश्वाच्या तळाशी असलेली यादृच्छिकता लागत नाही. सुरुवातीचा आकडा कुणा एकाच्या हातात नसावा, तो सर्वांसमक्ष ठरावा आणि प्रोग्रॅम कुणालाही तपासता यावा, एवढे पुरते. मागणी करायची तर या तीन गोष्टींची करावी.

मागचे आकडे बघून लॉटरीचा किंवा मटक्याचा पुढचा आकडा काढता येतो का?

नाही. आकडे प्रामाणिकपणे निघत असतील तर मागच्या आकड्यांत पुढच्याची कसलीही माहिती नसते. प्रामाणिकपणे निघत नसतील तर ती माहिती तुम्हाला विकणाऱ्याकडे नसते. चार्ट विकत घेऊ नका.

गोडेल यांनी नेमके काय सिद्ध केले?

सप्टेंबर १९३० मध्ये क्योनिग्सबर्ग या तेव्हाच्या जर्मन शहरात परिषद भरली होती. गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांचे ते गाव. गणितातला प्रत्येक प्रश्न सुटेलच, गणिताची सगळी इमारत मोजक्या गृहीतकांवर बिनधोक उभी करता येईल, हा हिल्बर्ट यांचा ध्यास होता. ८ सप्टेंबरला भाषण करताना ते म्हणाले, 'आपल्याला कळलेच पाहिजे, आपल्याला कळणारच.' पुढे हेच शब्द गटिंगनमधल्या त्यांच्या समाधीवर कोरले गेले.

आदल्याच दिवशी त्याच शहरात, परिषदेच्या शेवटच्या चर्चेत, २४ वर्षांचे तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल दोन वाक्यांत सांगून गेले होते की अंकगणितात खरी पण सिद्ध न होणारी विधाने असतात. बहुतेकांच्या ते लक्षातही आले नाही. जॉन फॉन नॉयमन यांच्या मात्र लगेच आले.

१९३१ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रमेय असे: पूर्णांकांचे अंकगणित मांडू शकणारी, यंत्राने तपासता येणारी आणि विसंगती नसलेली कुठलीही गृहीतकांची चौकट घ्या, तिला सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही असे विधान असतेच. ते विधान नवे गृहीतक म्हणून आत घेतले तर नव्या चौकटीबाहेर दुसरे उभे राहते.

यात ट्युरिंग कुठे येतात?

१९३६ मध्ये ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने घेतला. दिलेला प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे आधीच सांगणारी एखादी सर्वसाधारण रीत असू शकते का? त्यांनी सिद्ध केले की असू शकत नाही. प्रोग्रॅम चालवून पाहता येतो. थांबला तर कळले. थांबला नाही तर आणखी किती वाट पाहायची, ते सांगणारे कुणी नाही. गोडेल यांचे प्रमेय, ज्याला अपूर्णतेचे प्रमेय म्हणतात, यातूनही निघते, आणि माझ्या मते गोडेल यांच्या मूळ मांडणीपेक्षा या वाटेने ते लवकर पटते.

ओमेगा ही संख्या काय आहे?

चायटिन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ती आहे. एक संगणक ठरवून घ्या आणि त्याला नाणे उडवून एकेक बिट भरवत चला. एखादा पूर्ण प्रोग्रॅम तयार झाला की संगणक तो चालवायला घेतो. तो प्रोग्रॅम कधीतरी थांबण्याची संभाव्यता म्हणजे ओमेगा. हिशोब असा: थांबणारा प्रत्येक एक बिटाचा प्रोग्रॅम अर्धा भर घालतो, दोन बिटांचा पाव, तीन बिटांचा एक-अष्टमांश. बेरीज एकाच्या वर जाऊ नये म्हणून अट इतकीच, की कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याचा सुरुवातीचा तुकडा असता कामा नये.

ही संख्या नेमकी आहे, ० आणि १ च्या मधली आहे, व्याख्या दोन ओळींची आहे. पण तिचे अंक काढायची रीत नाही. का नाही, ते एका छोट्या हिशोबाने दिसते.

समजा, कुणी तुमच्या कानात सांगितले की ओमेगाचे द्विमानातले पहिले चार अंक १०११ आहेत. म्हणजे ओमेगा ११/१६ आणि १२/१६ यांच्यामध्ये. आता सगळे प्रोग्रॅम आलटून पालटून चालवा: पहिला थोडा, मग पहिला आणि दुसरा थोडा, मग पहिले तीन. जो थांबेल त्याचा वाटा बेरजेत घाला. बेरीज ओमेगाकडे खालून सरकत जाते आणि कधी ना कधी ११/१६ च्या पुढे जातेच. त्या क्षणी थांबा. चार किंवा कमी बिटांचा एखादा प्रोग्रॅम अजून चालू असेल तर तो यापुढे कधीच थांबणार नाही. तो थांबला तर बेरजेत किमान १/१६ ची भर पडेल आणि बेरीज १२/१६ च्या पुढे जाईल. ओमेगा तर त्याहून लहान आहे.

चार अंकांनी चार बिटांपर्यंतच्या सगळ्या प्रोग्रॅमांचा निकाल लागला. हजार अंक मिळाले तर हजार बिटांपर्यंतच्या प्रत्येक प्रोग्रॅमचा लागेल. ट्युरिंग यांनी सर्वसाधारण रीत नसल्याचे दाखवलेच आहे, तेव्हा ओमेगाचे अंक काढणारी रीतही नाही. शिवाय हे अंक दाबता येत नाहीत. पहिले हजार अंक सांगायला जवळपास हजार बिट लागतातच. आणि ठरावीक गृहीतकांतून ओमेगाचे मोजकेच अंक सिद्ध होतात, पुढच्या प्रत्येक अंकासाठी जवळजवळ तेवढीच नवी माहिती गृहीतक म्हणून आत घ्यावी लागते.

संगणक बदलला की ओमेगा बदलते. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात कालुडे, डिनीन आणि शू यांनी एका ठरावीक यंत्रासाठी तिचे पहिले ६४ बिट २००२ मध्ये काढून दाखवले. दुसरीकडे रॉबर्ट सोलोवे यांनी असे यंत्र रचता येते हे दाखवले, की आजच्या गणिताची नेहमीची चौकट, जिला झेडएफसी म्हणतात, तिच्या ओमेगाचा एकही बिट सिद्ध करू शकत नाही.

हे सगळे मुद्दाम रचलेले वाटते. साध्या समीकरणांशी याचा काय संबंध?

ही शंका रास्त आहे. उत्तर समजायला थोडे मागे, आपल्याकडे यावे लागते.

६१ ला एखाद्या पूर्णांकाच्या वर्गाने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग आला पाहिजे. असा पूर्णांक शोधा. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीने याचे सर्वांत लहान उत्तर काढले: २२,६१,५३,९८० चा वर्ग ६१ पट करून १ मिळवला की १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग येतो. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. चक्रवालाचे मोठेपण असे की ६१ च्या जागी पूर्ण वर्ग नसलेला कुठलाही आकडा ठेवा, ती पद्धत उत्तरापर्यंत नेतेच.

हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये २३ प्रश्न जगापुढे ठेवले. त्यातला दहावा असा, की अशीच एक पद्धत, पण पूर्णांकांच्या सगळ्या समीकरणांसाठी: समीकरण द्या, पूर्णांकांत उत्तर आहे की नाही ते तिने सांगावे. मार्टिन डेव्हिस, हिलरी पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांच्या अनेक वर्षांच्या कामावर शेवटचा दगड १९७० मध्ये २२ वर्षांच्या युरी मातियासेविच यांनी बसवला: अशी पद्धत नाही, असू शकत नाही.

या निकालामागच्या कामाचा आधार घेऊन चायटिन यांनी १९८७ मध्ये ओमेगा समीकरणात उतरवली. सुमारे १७,००० चलांचे, छापायला २०० पाने लागणारे समीकरण. त्यातल्या एका अक्षराला १, २, ३ अशा किमती देत जायचे आणि दर वेळी विचारायचे: उत्तरे मोजकी की अनंत? अनंत असतील तर ओमेगाचा तेवढावा बिट १, मोजकी असतील तर ०. समीकरणात बेरीज, गुणाकार आणि घात यांपलीकडे काही नाही. आणि 'मोजकी की अनंत' ही उत्तरांची रांग नाणेफेकीइतकी बेशिस्त आहे. भास्कराचार्यांच्या समीकरणाचेच हे दूरचे भावंड.

'कारणाशिवाय खरे' असे काही असते का? कापरेकरांचा ६१७४ तसाच ना?

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा हा स्थिरांक मराठी वाचकांना परिचित आहे. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. ३५२४ वरून: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतोच.

असे का, याचे एका वाक्यातले देखणे कारण नाही. पण सिद्धता आहे. चार अंकी संख्या दहा हजारांच्या आत, सगळ्या तपासून टाका. ओमेगाच्या बिटांचे तसे नाही. तिथे तपासणी कधी संपतच नाही आणि संपवणारी आडवाटही नाही, हे सिद्ध आहे. म्हणून ६१७४ ला कारणाशिवाय खरा म्हणू नये. तो मान ओमेगाच्या अंकांचा.

गोल्डबाखची अटकळ सुटत नाही, ती याच कारणाने का?

कुणालाच माहीत नाही. दोनहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, ही अटकळ १७४२ पासून उभी आहे. ४ वर १८ शून्ये एवढ्या संख्येपर्यंत संगणकाने ती तपासली आहे. एक गोष्ट मात्र नक्की सांगता येते: ती सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही असे कधी दिसून आले, तर ती खरीच असली पाहिजे. खोटी असती तर एखादी सम संख्या अपवाद निघाली असती आणि तो अपवाद तपासणे हीच अटकळ खोडणारी सिद्धता झाली असती.

सुटत नसलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'गोडेल' असे नाव देऊन हात वर करणे मला पटत नाही. फर्माचे प्रमेयही साडेतीनशे वर्षे सुटत नव्हते.

ही सीमा नेमकी कुठून सुरू होते? एआयला ती ओलांडता येईल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ही प्रमेये प्रत्येक संगणकाला लागू आहेत, मग तो कितीही मोठा असो. पहिला प्रश्न फार सुंदर आहे.

टिबोर राडो यांनी १९६२ मध्ये एक खेळ मांडला. ठरावीक संख्येच्या 'अवस्था', म्हणजे नियमांचे टप्पे, असलेली आणि फक्त ० आणि १ लिहिणारी सगळी ट्युरिंग यंत्रे घ्या; ट्युरिंग यांनी कल्पिलेले, फितीवर लिहीत चालणारे हे अगदी साधे संगणक. कोऱ्या फितीवर सुरू करून जी शेवटी थांबतात, त्यातले सर्वांत जास्त पावले कोण टाकते? चार अवस्थांना उत्तर १०७. पाच अवस्थांची यंत्रे सुमारे १६ लाख ६८ हजार कोटी होतात. ४,७१,७६,८७० पावले टाकून थांबणारे एक यंत्र १९८९ पासून माहीत होते, पण त्याला मागे टाकणारे दुसरे कुणी नाही, हे सिद्ध व्हायला २०२४ उजाडले. जगभरच्या उत्साही लोकांनी, ज्यात व्यावसायिक गणिती नसलेले अनेक होते, ते ऑनलाइन मिळून केले आणि सिद्धता संगणकाकडून ओळ न ओळ तपासून घेतली.

दुसऱ्या टोकाला, ज्याचा निकाल झेडएफसी लावू शकत नाही असे ७,९१० अवस्थांचे यंत्र २०१६ मध्ये रचले गेले. पुढे हा आकडा ७५० च्याही खाली आला. म्हणजे पाच अवस्थांपर्यंत ज्ञान पोचले आहे आणि साडेसातशेला आजची चौकट नक्की अडते. सीमारेषा मधे कुठेतरी आहे. ती साडेसातशेच्या कितीतरी अलीकडे असेल, असे म्हणणारे जाणकारही आहेत.

म्हणजे विज्ञान हरले? यावरून अध्यात्म सिद्ध होते, असे काही जण सांगतात.

असा निष्कर्ष काढणे म्हणजे बादरायण संबंध. गोडेल यांचे प्रमेय ठरावीक प्रकारच्या गृहीतकांच्या चौकटींबद्दल आहे. देव आहे की नाही, मन म्हणजे काय, औषध लागू पडते की नाही, यातल्या कशाबद्दलही ते बोलत नाही. ज्याला त्याला श्रद्धा ठेवायची मोकळीक आहे, पण तिला प्रमेयाचा शिक्का मारू नये. उलट आपल्या साधनाने काय होणार नाही हे त्याच साधनाने, पावलापावलाने सिद्ध करून दाखवणे दुसऱ्या कुठल्या शास्त्राला इतक्या नेमकेपणाने जमलेले मला माहीत नाही.

चायटिन यांची मते सगळ्यांना मान्य आहेत का?

प्रमेये मान्य आहेत, त्यावरून काढलेले निष्कर्ष नाहीत. गणितींनी पदार्थवैज्ञानिकांसारखे पुराव्यांवरून नवी गृहीतके स्वीकारावीत, असे चायटिन म्हणतात. टॉर्केल फ्रांझेन यांच्यासारख्या तर्कशास्त्रज्ञांचा आक्षेप असा, की गृहीतकांची बिटांतली लांबी आणि त्यांचे बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा 'इतक्या बिटांतून तितकेच प्रमेय निघते' असा सरसकट हिशोब मांडता येत नाही. मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. ओमेगाचे मोल त्याने कमी होत नाही.

घरच्या घरी काय करून पाहता येईल?

पायचे १० लाख अंक एका टेक्स्ट फाइलमध्ये घ्या. फाइल १० लाख बाइटांची होईल. ती झिप करा. साधारण निम्म्यावर येईल, कारण टेक्स्टमध्ये एका अंकाला ८ बिट खर्च होतात आणि दहा अंकांतला एक सांगायला साडेतीनच्या आतच लागतात. झिप झालेली ती फाइल पुन्हा झिप करा. आता ती लहान होणार नाही. झिप प्रोग्रॅमच्या लेखी ही फाइल यादृच्छिक आहे. मग ते १० लाख अंक काढणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहा आणि त्या फाइलचा आकार पाहा. काहीशे बाइटही पुरतात. नंतर एखादे गाणे किंवा फोटो झिप करून बघा आणि स्वतःला विचारा, याला जन्म देणारा इतकाच छोटा प्रोग्रॅम कुठे असेल का. 'आहे' हे उत्तर एखाद्या दिवशी सापडू शकते. 'नाही' हे उत्तर सिद्ध होऊन हाती येणार नाही.